गिऱ्हाइकाची वही कोणाच्या हाती?

राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात हॉटेल काढायला लावले, ही हकीकत चळवळीतल्या बहुतेकांना पाठ आहे. संस्थानच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगारामांनी मराठ्यांसाठी राखलेल्या हौदाला स्पर्श केला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीत परत न घेता स्वतःचा धंदा काढण्यास सांगितले. भाऊसिंगजी रोडवर हॉटेल सुरू झाले. जागा रहदारीची होती, पण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही तो घ्यायला लावू लागले.

ही हकीकत आपण अस्पृश्यता निवारणाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. परंतु तिच्यात धंद्याचाही एक धडा आहे, त्याकडे आपले दुर्लक्ष होते. महाराज भांडवल देऊन मोकळे झाले नाहीत. गिऱ्हाईक का येत नाही, हे त्यांनी पाहिले. कारण मालात नव्हते, ते लोकांच्या मनात होते. म्हणून महाराजांनी नेमके त्या कारणावर बोट ठेवले आणि तेही चारचौघांच्या देखत. आजच्या बाजारात याच कामाला मार्केटिंग म्हणतात. माणसे कोठून येतात, कोठे थबकतात आणि का परत जातात हे मोजण्याचे जे साधन इंटरनेटवर आहे, त्याला वेब अ‍ॅनालिटिक्स म्हणतात. नावे इंग्रजी आहेत म्हणून हा विषय आपला नाही असे समजण्याची चूक आपण करू नये.

त्याच कोल्हापूरचे ताजे उदाहरण घेऊ. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने पुरुषांच्या नव्या कपड्यांचे प्रदर्शन भरविले. त्यात मॉडेलच्या पायात कोल्हापुरी पायताण होते, मात्र कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. ‘चामड्याचे सँडल’ एवढेच वर्णन होते. समाजमाध्यमांवर गदारोळ उठला आणि काही दिवसांतच ही प्रेरणा भारतीय कारागिरांच्या हस्तकलेची आहे, अशी कबुली कंपनीला द्यावी लागली. पुढे तिचे लोक कोल्हापुरात येऊन गेले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे चर्मोद्योग महामंडळ यांच्याशी करार झाल्याचे जाहीर झाले. सुमारे २००० जोड आपल्या भागात बनवायचे आणि सुमारे ८०० युरो दराने जगभर विकायचे, असे त्यात ठरले.

कारागिराचे नाव जगासमोर आले याचा आनंद आहेच. पण आमचा प्रश्न दुसरा आहे. त्या जून-जुलैमध्ये लाखो लोकांच्या तोंडी ‘कोल्हापुरी’ हा शब्द आला. अनेकांनी तो मोबाईलवर शोधला असेल, अनेकांना जोड घ्यावासाही वाटला असेल. ते गिऱ्हाईक गेले कोठे? ज्यांचे दुकान इंटरनेटवर आधीच मांडलेले होते त्यांच्याकडे. काही ऑनलाइन विक्रेत्यांनी प्राडाचे नाव घेऊनच जाहिराती केल्या आणि त्यांची विक्री वाढल्याच्या बातम्याही आल्या. त्यांनी काही गैर केले असे नाही, संधी आली आणि ते तयार होते. सुभाषनगरात किंवा जवाहरनगरात खाली मान घालून चामडे शिवणाऱ्या कारागिराच्या दारात मात्र ते गिऱ्हाईक आले नाही. ते येऊन गेले असते तरी त्याला समजले नसते, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवणारी वही त्याच्याकडे नव्हती.

वहीचा हा प्रश्न जुना आहे. चर्मकार जोड बनवायचा, व्यापारी तो उचलायचा. उचल किती घेतली, चामड्याचे किती कापले, जोड किती दिले, हे सगळे व्यापाऱ्याच्या खतावणीत. ज्याला अक्षर शिकू दिले नाही, त्याने त्या खतावणीवर अंगठा उठवायचा. जोड शहरात कितीला गेला आणि कोणी घेतला, हे त्याला कधीच समजत नसे. म्हणजे कामाचे कौशल्य एकाकडे आणि गिऱ्हाइकाचे ज्ञान दुसऱ्याकडे, अशी वाटणी होती. नफा नेहमी ज्ञानाच्या बाजूला गेला. ज्याने चामडे शिवले त्याला गावाबाहेर ठेवले आणि त्याने शिवलेले पायताण मात्र बिनदिक्कत पायात घातले!

आज ती खतावणी संगणकात गेली आहे. तिचे काम कसे चालते ते साध्या भाषेत समजून घेऊ. आपले स्वतःचे संकेतस्थळ असेल तर त्याच्या पानांत एक छोटा कोड घालतात. कोणी पान उघडले की तो कोड नोंद करतो: माणूस गुगलवर शोधून आला की इन्स्टाग्रामवरून, कोणत्या शहरातून, मोबाईलवर की संगणकावर, कोणत्या जोडाचे चित्र पाहिले, किती वेळ थांबला, पिशवीत माल टाकून पैसे न देताच निघून गेला का. गुगलने २००५ मध्ये अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि तिचेच साधन ‘गुगल अ‍ॅनालिटिक्स’ या नावाने फुकट दिले. आज त्याची चौथी आवृत्ती चालते. आपण जो दुवा पाठवतो त्याच्या शेवटी एक खूण जोडता येते, तिला यूटीएम म्हणतात. एकाच जोडाचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर एका खुणेने आणि फेसबुकवर दुसऱ्या खुणेने टाकला, की गिऱ्हाईक कोणत्या वाटेने आले ते कळते. संकेतस्थळ नसेल तरी इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या व्यावसायिक खात्यात किती जणांनी पाहिले, कोणत्या गावचे, कोणत्या वयाचे, याचे आकडे मिळतात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे आणि त्यात मालाची यादी चित्रांसह मांडता येते.

या आकड्यांचे करायचे काय? समजा, एका महिन्यात आपल्या दुकानाच्या पानावर १००० माणसे आली. त्यातली ६०० इन्स्टाग्रामवरून, ३०० गुगलवर शोधून आणि १०० व्हॉट्सअ‍ॅपच्या दुव्यावरून. विकले गेले २० जोड. वरवर पाहणारा म्हणेल, इन्स्टाग्राम भारी. वही उघडली की वेगळे दिसते. इन्स्टाग्रामच्या ६०० जणांतून विकले ४ जोड, गुगलच्या ३०० तून ७ आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या १०० तून ९. म्हणजे जो शोधत आला किंवा ज्याला ओळखीच्या माणसाने पाठवले, त्याने घेतले. जो नुसता चित्र पाहत आला, तो पाहून गेला.

पण आकड्यालाही उलट प्रश्न विचारले पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅपवरचे गिऱ्हाईक बरेचदा आपलेच नातेवाईक, मित्र, कार्यकर्ते असतात. त्यांच्यावरच विसंबलो तर धंदा वस्तीबाहेर पडणार नाही. शिवाय इन्स्टाग्रामवर आज पाहिलेला माणूस पंधरा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर भाव विचारतो, तेव्हा वहीत श्रेय व्हॉट्सअ‍ॅपला लागते. न्यायालयात जशी एका साक्षीदाराच्या भरवशावर आपण केस उभी करत नाही, तसेच येथे आहे.

जाहिरातीचा हिशेबही असाच करावा. समजा, ३००० रुपयांची जाहिरात केली आणि तिच्यातून ६ जोड विकले गेले. जोडामागे ५०० रुपये जाहिरातीत गेले. एका जोडामागे सुटतात ४०० रुपये. म्हणजे प्रत्येक विक्रीत १०० रुपये पदरचे घातले! पान मात्र हजार ‘लाइक’ दाखवत असते आणि घरातले सगळे खूश असतात. लाइकने चामड्याचे बिल भागत नाही, हे आपल्या तरुणांनी भिंतीवर लिहून ठेवावे.

वहीतून दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक परत कोठून जाते. पुष्कळ लोक जोडाचे चित्र पाहतात, मापाच्या पानावर येतात आणि तेथूनच निघून जातात, असे दिसले तर दोष चपलेत नाही, मापाच्या माहितीत आहे. हाताने बनवलेल्या जोडाचे माप कारखान्यातल्या बुटासारखे नसते. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ कशी मारायची आणि तिचे चित्र कसे पाठवायचे, एवढे चार ओळींत सांगितले तरी मालाचे परत येणे कमी होईल. परत आलेल्या प्रत्येक जोडाचे जाण्या-येण्याचे भाडे शेवटी कारागिराच्याच माथी बसते. तसेच शब्दांचे. बाहेरचा विक्रेता सरसकट ‘कोल्हापुरी’ लिहितो. कापशी, पुकारी, बक्कलनाली, कुरुंदवाडी हे भेद आपल्या माणसाला हाताने ठाऊक आहेत. करकर वाजणारी कापशी शोधणारा माणूस नेमका तोच शब्द टाइप करतो. आपल्या पानावर तो शब्द, ते चित्र आणि ती घडवणारे हात दिसले तर त्याला दुसरीकडे जाण्याचे कारण उरत नाही. आपल्या बापजाद्यांच्या तोंडची ही भाषा हेच आपले भांडवल आहे आणि ते कोणी जप्त केलेले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वही ठेवणे पुरेसे नाही, ती आपल्या नावावर असली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पदवीधर तरुण आला होता. घरी वडील आणि काका चपला बनवत, हा ऑनलाइन विकू लागला. त्याने एका जाहिरात एजन्सीला महिन्याच्या पैशावर काम दिले. एजन्सीने पान काढले, जाहिराती चालवल्या, विक्री वाढली. दीड वर्षाने पैशावरून बिनसले आणि एका सकाळी त्याला स्वतःच्याच पानावर जाता येईना. पान एजन्सीच्या खात्यात, जाहिरातीचे खाते एजन्सीचे, अ‍ॅनालिटिक्स एजन्सीच्या ईमेलवर, गिऱ्हाइकांच्या क्रमांकांची यादीही तिच्याच संगणकात. करारपत्र मागितले तर एक पानी कागद निघाला. त्यात महिन्याची रक्कम होती, पण हे सारे कोणाचे यावर एक शब्द नव्हता. आम्ही नोटीस दिली, पाठपुरावा केला. तीन महिन्यांनी पान परत मिळाले. दीड वर्षाच्या जाहिरातींचा इतिहास, कोणी पाहिले, कोणी घेतले, ते मात्र मिळाले नाही. तो म्हणाला, “साहेब, आजोबांची वही शेठकडे होती, माझी एजन्सीकडे राहिली.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून वकील या नात्याने सांगतो. पान, अ‍ॅनालिटिक्स, जाहिरातीचे खाते आणि संकेतस्थळाचे नाव स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या क्रमांकावर काढा. एजन्सीला त्यात काम करण्याची परवानगी द्या, मालकी देऊ नका. करार लिहून घ्या आणि काम संपल्यावर सर्व नोंदी कारागिराच्या राहतील, हे वाक्य त्यात घाला. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर माल जरूर विका, पण तेथे गिऱ्हाईक बाजारपेठेचे असते, तुमचे नसते, हे विसरू नका. जोडाबरोबर आपल्या पत्त्याची आणि क्रमांकाची चिठ्ठी कारागिराने जरूर बनवावी, फक्त त्या बाजारपेठेचे नियम आधी वाचून घ्यावेत.

दुसरे, भौगोलिक मानांकन. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. नोंदणीकृत मालक दोन्ही राज्यांची महामंडळे आहेत. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. याचिकाकर्ते नोंदणीकृत मालक नाहीत, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. निकालाची चीड येणे स्वाभाविक आहे, पण धडाही घ्यावा. १९९९ च्या जीआय कायद्यात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करण्याची सोय आहे आणि अशा नोंद असलेल्या कारागिराला उल्लंघनाविरुद्ध दाद मागता येते. ती नोंद करा आणि आपल्या पानावर ठळक लावा. यंत्रावर छापलेल्या नकली मालापुढे याहून चांगली जाहिरात नाही.

तिसरे, सचोटी. विकत घेतलेले फॉलोअर आणि पैसे देऊन लिहवलेले खोटे अभिप्राय यांच्या वाटेला जाऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणारी जाहिरात दंडनीय आहे. पैसे घेऊन मालाची शिफारस करणाऱ्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. खोट्या फॉलोअरमुळे आपली वहीच खोटी होते, हे त्याहून मोठे नुकसान.

येथवर वहीचा उपयोग सांगितला. हीच वही आपल्याविरुद्धही उघडते, हेही सांगणे कर्तव्य आहे. आपण काय पाहतो, काय वाचतो, कोणत्या चित्राला अंगठा दाखवतो, यावरून यंत्र आपला अंदाज बांधते. १४ एप्रिलला आपण काय टाकतो आणि ६ डिसेंबरला कोठे जातो, हे ज्याला दिसते त्याला आपली जात विचारावी लागत नाही. अमेरिकेत काय घडले पाहा. तेथे १९६८ च्या कायद्याने घरांच्या जाहिरातीत वंशभेद करण्यास बंदी आहे. तरीही ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवून दिले की फेसबुकवर घराशी संबंधित जाहिरात देताना कृष्णवर्णीयांकडे कल असलेले लोक वगळण्याची सोय उपलब्ध होती. प्रकरण वाढत गेले. अखेर जून २०२२ मध्ये अमेरिकी न्याय विभागाशी तडजोड करून मेटा कंपनीला घरांच्या जाहिरातीचे एक साधन बंद करावे लागले आणि १,१५,०५४ डॉलर दंड भरावा लागला. २०१९ मधल्या एका अभ्यासात तर असे दिसले की जाहिरातदाराने कोणालाही वगळले नसतानाही यंत्राने टॅक्सी कंपनीतील नोकरीची जाहिरात सुमारे ७५ टक्के कृष्णवर्णीयांना दाखवली. पाटी न लावताही दार बंद करता येते, याचा हा पुरावा आहे.

१९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, हे बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे. तो नकार निदान समोर दिसत होता. आजचे यंत्र पैसे सर्वांचे घेते, परंतु जाहिरात कोणाला दाखवायची आणि कोणाला नाही हे गुपचूप ठरवते. आपल्या देशात २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात जात आणि जमात यांची नोंद संवेदनशील माहिती म्हणून होती. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्यात संवेदनशील माहितीचा तो वर्गच राहिला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले असून कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. घराच्या, नोकरीच्या आणि कर्जाच्या जाहिरातीत जातीचा अंदाज वापरण्यास स्पष्ट बंदी हवी, ही मागणी आपण आताच लावून धरली पाहिजे. या प्रश्नावर आपले लोकप्रतिनिधी किती बोलले?

आणि जो नियम दुसऱ्याला, तोच आपल्यालाही. गिऱ्हाइकाने जोडासाठी दिलेला क्रमांक जोडासाठीच आहे. त्याला न विचारता दहा गटांत घालू नका, यादी कोणाला विकू नका. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. तो गिऱ्हाइकालाही लागू पडतो.

शेवटी महामंडळाला एक सवाल. कोल्हापुरी चपलेला क्यूआर कोड लावण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. तो मोबाईलवर वाचला की जोड कोणी, कोठे बनवला हे समजते. योजना स्वागतार्ह आहे. पण प्रत्येक वेळी कोड वाचला गेला की एक नोंदही तयार होऊ शकते: केव्हा, कोणत्या शहरात. या नोंदी कोण ठेवणार? पुण्यात, दिल्लीत, दुबईत कोणता जोड किती वेळा वाचला गेला, हे ज्या कारागिराचे नाव त्या कोडात आहे त्याला कळणार की नाही? प्राडाच्या कराराचेही तसेच. २००० जोड कोणी बनवले, जोडामागे मजुरी किती पडली, माल कोणत्या देशात गेला, हे दर तीन महिन्यांनी मराठीत आणि कन्नडमध्ये जाहीर व्हावे. ही आकडेवारी महामंडळाची मेहेरबानी नव्हे, कारागिराचा हक्क आहे.

शासन काय करील ते करील, आपल्या हातचे काम थांबवू नये. प्रत्येक वस्तीत शिकलेली मुले आहेत. दहा कारागिरांमागे एका मुलीने किंवा मुलाने ही वही सांभाळावी. महिन्यातून एका रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात सर्वांनी बसून ती वाचावी: किती आले, किती परत गेले, का गेले, पुढच्या महिन्यात काय बदलायचे. त्या बैठकीत म्हाताऱ्या कारागिराला बोलू द्यावे, कारण चामड्यातले त्याला समजते. आणि मुलांनी त्याला आकडे समजावून सांगावेत, कारण त्याच्या बापाला ते कोणी सांगितले नव्हते.